जुन्या शिडाच्या बोटीत कीलजवळ भेग का पडते? ती कशी दुरुस्त करतात?

मे 2014. अँटिग्वाहून ब्रिटनला परतणारी 'चीकी राफिकी' ही शिडाची बोट अटलांटिक महासागरात उलटली. चारही खलाशी पुन्हा सापडले नाहीत. उलटलेली बोट दिसली, तेव्हा तिची कील जागेवर नव्हती. बोट याआधी तळाला घासली होती. त्या धक्क्यांमुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलजवळचा भाग कमकुवत झाला असावा, असं ब्रिटनच्या तपास यंत्रणेनं म्हटलं.

कील म्हणजे काय?

बोटीच्या तळाला लावलेला शिसं किंवा बिडाचा जड पंखा. वाऱ्यानं बोट कलंडू नये, म्हणून हे वजन लागतं. अनेक फायबरग्लास बोटींमध्ये कील बाहेरून बोल्टनं घट्ट केलेली असते.

भेग का पडते?

बोट कलंडते, तेव्हा कीलचं सगळं वजन या जोडावर येतं. वर्षानुवर्षं हेच झालं की नट सैल होतात, सीलंट कडक होतं आणि जोड उघडतो. अमेरिकेतल्या कॅटालिना कंपनीच्या बोटींमध्ये पुढच्या बाजूला अशी वक्र भेग इतकी दिसते, की तिला 'कॅटालिना स्माईल' असंच नाव पडलंय. जुन्या कॅटालिना 30 मध्ये तर कीलच्या वरच्या भागात लाकूड असायचं. ते कुजलं, दबलं की बोल्टची पकड जाते.

भेग किती गंभीर?

बोट क्रेनच्या पट्ट्यांवर लटकवून बघतात. लटकवल्यावर भेग रुंदावली आणि कीलवर टेकवल्यावर मिटली, तर जोड हलतोय. भेगेतून तांबूस पाणी झिरपत असेल, तर बोल्ट गंजत असण्याची शक्यता असते. स्टीलचा बोल्ट वरून चकचकीत दिसला, तरी अडकलेल्या पाण्यामुळे आत जोडापाशी बारीक झालेला असू शकतो.

दुरुस्ती कशी करतात?

1. बोट कीलवर टेकवून जोड पूर्ण वाळवतात.
2. बोटीच्या आतून नट, वॉशर आणि आजूबाजूचा भाग तपासतात. शंका असेल तर एखादा बोल्ट काढून किंवा अल्ट्रासाऊंडनं तपासतात.
3. उत्पादकानं सांगितलेल्या जोरानं, टॉर्क रेंच वापरून नट आवळतात.
4. त्यानंतरच जुनं फिलर खरवडतात. शिसं ब्रशनं घासून लगेच इपॉक्सी लावतात, कारण त्यावर हवेमुळे थर चढतो आणि इपॉक्सी नीट धरत नाही.
5. भेग भरून वर फायबरग्लासचे थर आणि शेवटी रंग देतात.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

तिसरी पायरी सोडून थेट पुटी भरणं. जोड हलत राहिला, तर पुढच्या मोसमात भेग परत येते. आणि तोवर नव्या रंगाखाली धोका झाकलेला राहतो. लाकूड कुजलं असेल, बोल्ट झिजले असतील किंवा बोट कुठे आपटली असेल, तर मात्र घरगुती दुरुस्ती पुरत नाही. कील उतरवून जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी लागते.