'लोब्रो' चित्रकला आणि महाराष्ट्रातील लोकप्रिय छापील चित्र : प्रदर्शने, ग्रंथ आणि ग्रंथालये

प्रस्तावना

लांजा हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुंबई-गोवा महामार्गावरचे तालुक्याचे गाव. या परिसरातील घराघरांत चित्र पोहोचले ते कलादालनाच्या वाटेने नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला गेलेला चाकरमानी गणपतीला अथवा शिमग्याला गावी येताना ट्रंकेतून जे आणत असे, त्यात देवाची तसबीर, दुकानदाराने फुकट दिलेले कॅलेंडर आणि पुढच्या काळात एखादा दिवाळी अंक असे. ओटीवर व माजघरात टांगलेली ही चित्रे हीच कित्येक कुटुंबांची चित्रकलेशी झालेली पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, ओळख होय. कलेच्या इतिहासाने मात्र या चित्रांना फार काळ दाराबाहेरच ठेवले. 'कॅलेंडर आर्ट' हा शब्द चित्रकारांच्या वर्तुळात आजही वर्णनापेक्षा शेरा म्हणूनच अधिक वापरला जातो.

अमेरिकेत अशाच तुच्छतेच्या शब्दातून गेल्या पन्नास वर्षांत एक स्वतंत्र कलाप्रवाह उभा राहिला. 'लोब्रो' किंवा 'पॉप सररिअॅलिझम' या नावांनी तो ओळखला जातो. त्याची प्रदर्शने व ग्रंथ यांचा इतिहास समोर ठेवून महाराष्ट्रातील लोकप्रिय छापील चित्राची स्थिती तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'लोब्रो' : एका शेऱ्याचे नाव होणे

'लोब्रो' म्हणजे हलक्या अभिरुचीचे, अभिजनांनी नाक मुरडावे असे. कॅलिफोर्नियातील सजवलेल्या शर्यती मोटारी, भूमिगत कॉमिक्स, स्वस्त भयपट आणि टी-शर्टवरील राक्षसांची चित्रे यांतून या कलेचे चित्रकार घडले. रॉबर्ट विल्यम्स हा त्यांतील प्रमुख. एड रॉथ या मोटार-सजावटकाराच्या स्टुडिओत तो कामाला होता आणि 'झॅप' या कॉमिक्स मालिकेसाठीही त्याने चित्रे काढली. १९७९ मध्ये त्याच्या चित्रांचे पुस्तक काढण्याचे ठरले, तेव्हा कोणतीही मान्यताप्राप्त कलासंस्था आपल्याला दारात उभी करणार नाही हे ओळखून त्याने पुस्तकाच्या शीर्षकातच 'लोब्रो' हा शब्द घातला. लोकांनी मारलेला दगड त्याने पायरी म्हणून वापरला, असे म्हणता येईल.

यानंतरचा क्रम लक्षणीय आहे. १९८६ मध्ये लॉस एंजेलिस येथे 'ला लुझ दे जीझस' हे दालन सुरू झाले. १९९२ मध्ये त्याच शहरातील समकालीन कला संग्रहालयाने 'हेल्टर स्केल्टर' या प्रदर्शनात विल्यम्सची चित्रे टांगली. १९९४ मध्ये 'जक्स्टापोझ' हे नियतकालिक निघाले. १९९८ मध्ये कनेटिकट राज्यातील आल्ड्रिच संग्रहालयाने 'पॉप सररिअॅलिझम' याच नावाचे प्रदर्शन भरविले आणि २००४ मध्ये सिअॅटल येथील दालनचालक कर्स्टन अँडरसन यांनी त्याच नावाचा ग्रंथ संपादित केला. म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांत पुस्तक, दालन, नियतकालिक, संग्रहालय आणि इतिहासग्रंथ अशी पूर्ण साखळी तयार झाली. तिची पहिली कडी चित्रकाराच्या स्वतःच्या हातची होती ही बाब विशेष नोंदवण्यासारखी आहे. चित्रांचा दर्जा हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यांतील पुष्कळ चित्रे नुसती चटकदार आहेत हे मान्य करायला हरकत नाही. परंतु नोंद राहिली. मूळ चित्र कुठे आहे, कोणी काढले, केव्हा छापले, हे आज सांगता येते.

देवघरातील अतिवास्तव

महाराष्ट्रातील लोकप्रिय छापील चित्राचा आरंभ याच्या शंभर वर्षे आधीचा आहे. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना सुरू केला. देवादिकांबरोबर नाना फडणविसांसारख्या ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे तेथून घरोघर गेली. 'निबंधमाले'चे कर्ते आणि बाजारात विकले जाणारे रंगीत चित्र यांचा संबंध आज अनेकांना विचित्र वाटेल. त्या काळी तो वाटत नव्हता. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची सूत्रे गेल्यावरही चित्रे निघत राहिली. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ मधील आगीत छापखान्याची मोठी हानी झाली.

या छापखान्यातून निघालेले चौऱ्याऐंशी देवांच्या गाईचे चित्र येथे मुद्दाम विचारात घेतले पाहिजे. गाईच्या देहात ठिकठिकाणी देव बसविलेले, खाली दूध घेणारी माणसे आणि समोर तलवार उगारून धावणारी पशुमुखी आकृती, असा त्याचा विषय. युरोपात अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ चा आहे. हे चित्र त्याच्या बरेच आधीचे. तरीही त्याला 'भारतीय सररिअॅलिझम' म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. येथील अद्भुत देह स्वप्नातून अथवा अबोध मनातून आलेला नाही. विश्वरूपदर्शनाची परंपरा आणि गोरक्षणाच्या चळवळीचे राजकारण यांतून तो आला. अशा चित्रांमुळे समाजात तेढ वाढते याची दखल इंग्रज सरकारने घेतली होती, आणि १९१० च्या मुद्रण कायद्याच्या कक्षेत छापील चित्रेही आली. हलके म्हणून हिणवले जाणारे चित्र किती जड असू शकते याचा हा नमुना आहे. कॅलिफोर्नियातील चित्रकार बालपणीच्या खेळण्यांना दुःस्वप्नाचे रूप देतो आणि त्याच्या प्रेक्षकाला त्यातील उपरोध कळतो. चौऱ्याऐंशी देवांच्या गाईपुढे उदबत्ती लावणाऱ्याच्या मनात उपरोधाला जागा नव्हती.

मुखपृष्ठाचे चित्रकार

अमेरिकेत 'उच्च' आणि 'हलके' यांतील भिंत शिक्षणाचीही होती. महाराष्ट्रात ती तशी नव्हती. महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अध्यापक होते आणि त्याच हाताने पोस्टकार्डे, जाहिराती व पुस्तकांतील चित्रेही काढत होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी देखाव्याचे पडदे, चित्रपट आणि पोस्टर ही कामे एकाच कसबाने केली. १९२४ च्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे पोस्टर हे भारतातील उपलब्ध सचित्र पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित जे. जे. मध्ये शिकून 'फिल्मइंडिया'ची मुखपृष्ठे, चित्रपटांची जाहिरातचित्रे आणि पौराणिक कॅलेंडरे यांकडे वळले. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात चित्रपटांचे फलक रंगविले. फरक एवढाच, की हुसेन यांच्या चरित्रात ते फलक संघर्षाचा रम्य अध्याय ठरतात, आणि ज्यांनी आयुष्यभर फलकच रंगविले त्यांच्या बाबतीत तीच गोष्ट मर्यादा ठरते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची दोन नावे गोव्यातून आली. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६). काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, तिचे दृश्यरूप या दोघांनी ठरविले. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. कसदार साहित्य आणि रंगीत चित्रे यांचा असा मेळ त्यांनी घातला की अंक हातात घेणारा वाचक आधी चित्रे पाही व मग अनुक्रमणिका. गंभीर कादंबरीचे मुखपृष्ठ असो की व्यंगचित्र, विषयानुसार रेषा बदलण्याची त्यांची क्षमता असाधारण होती. मुळगावकरांची वाट निराळी. एअरब्रशने साधलेली मऊ, विरघळत जाणारी कांती आणि देवांच्या चेहऱ्यावरील गोडवा ही त्यांची ओळख. रहस्यकथांच्या मुखपृष्ठांपासून देवघरातील तसबिरीपर्यंत त्यांचा संचार होता.

या चित्रांवर आक्षेप घेण्यासारखे बरेच आहे. दिवाळी अंकावर दिवा घेऊन उभी असलेली गोरी, नाजूक, बहुधा उच्चवर्णीय वळणाची तरुणी हा ठरीव साचा झाला. भातलावणीत कमरेएवढी वाकलेली कोकणातील स्त्री त्या मुखपृष्ठावर क्वचितच आली, आणि आली तेव्हा तीही मुंबईच्या स्टुडिओत सजूनच. अमेरिकेतील लोब्रो चित्रांतही स्त्रीदेह असाच पुरुषी नजरेच्या सोयीने येतो. तथापि आक्षेप घेण्यासाठीही चित्र समोर असावे लागते.

सार्वजनिक स्मृतीवर या चित्रकारांची सत्ता किती आहे, हे पाहण्यासाठी शासकीय कार्यालयात डोकावणे पुरेसे आहे. तेथे लावलेली छत्रपती शिवाजी महाराजांची शासनमान्य प्रतिमा कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी चितारलेली आहे. चित्रपटांची पोस्टरे व भव्य फलक रंगविण्यात त्यांची हयात गेली. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव कोट हे लांजा तालुक्यातीलच. पण पाठीशी मूल बांधून घोडा उधळणारी राणी तेथील मुलांच्याही डोळ्यांपुढे येते ती छापील चित्रांतूनच.

प्रदर्शने आणि ग्रंथ : दाराबाहेरून आलेली दखल

येथील लोकप्रिय चित्राला प्रतिष्ठित दालनात प्रथम नेले ते त्याचा उपयोग करून घेणाऱ्या चित्रकारांनी. भूपेन खख्खर यांनी १९६० च्या दशकात बाजारातील देवांची छापील चित्रे कातरून आपल्या कोलाजांत वापरली. अतुल दोडिया यांनी २००० नंतर दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रे रंगविली. हा प्रवास आदरणीय आहे. परंतु त्यात कॅलेंडरचा मूळ चित्रकार अनामच राहिला. कच्चा माल म्हणून कॅलेंडर चालले, कलाकृती म्हणून नाही.

मूळ चित्रांचा विचार करणारी प्रदर्शने व पुस्तके २००० च्या सुमारास आली, आणि बहुतेक परदेशातून. २००० मध्ये जपानमधील फुकुओका येथे कॅलेंडर चित्रांतील स्त्रीप्रतिमांचे प्रदर्शन भरले. त्यामागे समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया उबेरॉय यांचे संशोधन होते. २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हिंदी चित्रपटांच्या पोस्टरांचे प्रदर्शन केले. ख्रिस्तोफर पिनी यांचा देवांच्या छापील चित्रांवरील ग्रंथ २००४ चा, तर काजरी जैन यांचा कॅलेंडर चित्रांच्या अर्थकारणावरील ग्रंथ २००७ चा. या अभ्यासांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांचा भर देव आणि हिंदी चित्रपट या दोन टोकांवर राहिला. मराठी दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ ना देवघरातले, ना चित्रपटगृहातले. ते दोहोंच्या मधल्या फटीत पडले. मराठीत या कलावंतांना संदर्भग्रंथाचे अधिष्ठान मिळाले ते प्रामुख्याने २०१३ मध्ये, सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेल्या शिल्पकार चरित्रकोशाच्या दृश्यकला खंडात. या खंडात उपयोजित कलेला चित्रकला-शिल्पकलेच्या शेजारी स्थान मिळाले. दलालांच्या निधनानंतर बेचाळीस वर्षांनी.

कोकणापुरते पाहिले तर ही फट अधिक स्पष्ट दिसते. देवरुख येथील लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात नामवंत चित्रकारांच्या कृती जपलेल्या आहेत. सावर्डे येथे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. दुसरीकडे पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अभिजात कलेची सोय झाली, लोककलेचा सन्मान झाला, आणि दोन्ही योग्यच झाले. पण घरोघरी जे प्रत्यक्ष टांगलेले होते त्याचे काय झाले? १९७३ पासून 'कालनिर्णय' आले आणि भिंतीवरील खिळ्यावर चित्राऐवजी तिथी, सुट्ट्या व मागील पानावरचा मजकूर टांगला गेला. सोय वाढली यात शंका नाही. पुढे फ्लेक्सच्या छपाईने हाताने रंगविलेला फलकही संपला. जुनी तसबीर भंगली की विसर्जनाबरोबर पाण्यात सोडायची किंवा पाराखाली ठेवायची ही रीत असल्याने देवांच्या चित्रांचा मोठा भाग श्रद्धेनेच नाहीसा केला.

तालुक्याच्या ग्रंथालयातील पुरावा

राहता राहिले दिवाळी अंक. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्यातालुक्यांत आणि मोठ्या गावांत अनुदानित ग्रंथालये उभी राहिली. रत्नागिरीत तर १८२८ पासूनची वाचनालयाची परंपरा आहे. दिवाळी अंकांची स्वतंत्र वर्गणी आणि वाचकांची रांग हा या ग्रंथालयांचा वार्षिक उत्सवच. हातोहात फिरून अंक खिळखिळा झाला की तो बांधणीला जातो. बांधणावळ देताना ग्रंथपालाला मजकूर टिकवायचा असतो. फाटके मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने बांधणाऱ्याच्या कात्रीखाली जातात, आणि वर पुठ्ठा व कापडी कणा चढतो. अशा रीतीने कथा उरते आणि ती विकत घ्यायला लावणारे चित्र जाते. आतील कथाचित्रे मात्र बहुधा वाचतात, आणि त्यांच्या कोपऱ्यात दलालांची सही सापडते.

महाविद्यालयीन ग्रंथालयांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. तेथे दिवाळी अंक 'हलके वाचन' म्हणून पुष्कळदा दाखलच होत नाहीत, रद्दीत जातात. जेथे ते दाखल होतात तेथे नोंदवहीत संपादक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे आणि किंमत यांचे रकाने असतात. मुखपृष्ठकाराचा रकाना नसतो.