ग्रेगरी, डिक

(१२ ऑक्टोबर १९३२–१९ ऑगस्ट २०१७). अमेरिकन विनोदवीर व नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ता. संपूर्ण नाव रिचर्ड क्लॅक्स्टन ग्रेगरी. जन्म सेंट लुईस (मिझूरी) येथे, गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात. धावपटू म्हणून विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली; विनोदाची सुरुवात मात्र सैन्यात असताना झाली.

कृष्णवर्णीय कलाकाराने गावे, नाचावे, वेंधळ्याचे सोंग घ्यावे, हे ग्रेगरी पुढे येईपर्यंत गोऱ्या प्रेक्षकांना मान्य होते. त्याने एकट्याने उभे राहून देशाच्या कारभारावर बोलावे, हे नव्हते. १३ जानेवारी १९६१ रोजी शिकागोच्या प्लेबॉय क्लबने ग्रेगरीला बदली कलाकार म्हणून बोलावले. समोर दक्षिणेतले गोरे व्यापारी पाहून, नको वाटत असेल तर जा, असे त्याला सुचवण्यात आले. तो रंगमंचावर गेला, आणि एका रात्रीचे काम कित्येक आठवडे चालले.

आवाज न चढवता, सिगारेट ओढत, आधी स्वतःची टिंगल करून मग तो समोरच्यांकडे वळे. दक्षिणेतल्या हॉटेलाचा त्याचा किस्सा गाजला. वाढणारी बाई म्हणते, इथे काळी माणसे चालत नाहीत. हा म्हणतो, मलाही चालत नाहीत, कोंबडी आणा. मग तीन गोरे दम देतात : त्या कोंबडीचे जे करशील तेच तुझे करू. हा सुरी-काटा खाली ठेवतो आणि कोंबडीचा मुका घेतो. यातला दम काल्पनिक नव्हता. अशाच हॉटेलांत जाऊन बसणारे विद्यार्थी त्या काळी खरोखर मार खात होते. प्रेक्षक हसत तेव्हा नकळत कोंबडी खाणाऱ्याच्या बाजूला गेलेले असत.

जॅक पार यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे निमंत्रण त्याने प्रथम नाकारले. कृष्णवर्णीय कलाकार तिथे कला दाखवून निघून जात. गप्पांसाठी कोचावर त्यांना बसवले जात नसे. कोचावर बसवण्याची अट मान्य झाल्यावरच तो गेला. त्याच्या विनोदांइतकेच महत्त्व या बसण्यालाही द्यायला हवे.

मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीला शह देण्यासाठी तेथील सरकारी धान्य बंद करण्यात आले, तेव्हा १९६३ मध्ये त्याने विमानाने अन्न पोहोचवले. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये तुरुंगवास झाला. १९६५ मध्ये लॉस अँजेलिसच्या वॉट्स भागातील दंगल शमवताना पायाला गोळी लागली. १९६४ च्या आत्मचरित्राला त्याने कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवीच नाव म्हणून दिली. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध दीर्घ उपोषणे केली, १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढवली. सत्तरच्या दशकात, दारू-सिगारेट चालणाऱ्या क्लबांकडे त्याने पाठ फिरवली.