घरबसल्या उच्च शिक्षण : टपालापासून मोबाईलपर्यंत



२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे देशभरची महाविद्यालये बंद झाली आणि 'ऑनलाइन शिक्षण' हा शब्द घरोघरी पोहोचला. आपल्याला तो प्रकार अगदी नवा वाटला. परंतु वर्गाबाहेर राहून पदवी मिळविण्याची वाट आपल्या देशात फार आधीपासून तयार होत होती.

१९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. धडे टपालाने घरी येत. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ उपग्रहामार्फत दूरदर्शनवर दिसू लागले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. १९९८ साली हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचा आरंभ झाला तोही दूरशिक्षणानेच. स्त्रीशिक्षणावर भर देणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' आले.

असे असूनही २०२० साली आपली धांदल का उडाली? कारण साधने सर्वांपाशी नव्हती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शहरांतील सुमारे ४२ टक्के, तर खेड्यांतील सुमारे १५ टक्केच घरांत इंटरनेटची सोय होती. खडू-फळ्यावर आयुष्य घालविलेल्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांचे चेहरे न दिसता शिकवावे लागले. समजले की नाही, हे ताडण्याचा मार्गच उरला नाही. विद्यार्थ्यांची अडचण निराळी. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन! अशा वेळी तो फोन कोणाच्या हाती गेला, याचा प्रत्येक घराने प्रामाणिकपणे विचार करावा.

येथे केरळमधील एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. तेथील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरण्यास बंदी होती. बी.ए.च्या एका मुस्लिम विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला वसतिगृह सोडण्यास सांगण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला वसतिगृहात पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश झाला. महाविद्यालये बंद पडण्यापूर्वी अवघे सहा महिने ही गोष्ट घडली, हे ध्यानात घ्या.

पालकहो, मोबाईलमुळे मुली बिघडतील ही आपली धास्ती मी समजू शकतो. फोनचा गैरवापर होतो, हेही खरे. पण तो मुलांच्या हातूनही होतो. मग बंदी एकट्या मुलीवर का? इल्म हासिल करणे हे आपण फर्ज मानतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. टपालाचे धडे घरी आले तेव्हा दाराआडची मुलगीही ते वाचू शकत होती. आज ते धडे फोनवर येतात. फोन नाकारणे म्हणजे पुस्तक नाकारणेच होय.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गाची व गुरूची जागा यंत्र घेऊ शकणार नाही. पण जेथे वर्ग पोहोचत नाही तेथे ही वाट खुली आहे. तिचा लाभ घ्या, आणि घरातील बहिणीलाही घेऊ द्या.