देवगावचा तह (१८०३) : हरलेला डाव केव्हा सोडावा?

बुद्धिबळात पराभव अटळ दिसताच डाव सोडणे शिष्टसंमत मानले जाते. डाव लवकर सोडला काय किंवा मात होईपर्यंत खेळला काय, हार सारखीच. युद्धात मात्र वेळेवर केलेल्या तहाने काही मोहरे वाचतात. या दृष्टीने नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांच्या देवगावच्या तहाचा येथे विचार केला आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे-भोसले यांच्या फौजांचा इंग्रजांनी पराभव केला. २३ नोव्हेंबरला शिंद्यांनी स्वतंत्रपणे युद्धविराम स्वीकारला. जळगाव जामोदच्या पूर्वेस, सातपुड्याच्या पायथ्याजवळील आडगाव येथे २९ नोव्हेंबरला पुन्हा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगडही पडला. दोनच दिवसांनी रघुजींनी तह केला. कटक, बालासोर आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले. तथापि नागपूरचे राज्य टिकले आणि गाविलगड व नरनाळा हे किल्ले भोसल्यांकडेच राहिले.

या निर्णयाचे मोल पुढील पिढीत स्पष्ट होते. १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसले यांनी सीताबर्डी येथे इंग्रजांशी युद्ध केले; १८१८ मध्ये त्यांना गादी गमवावी लागली. त्या तुलनेत रघुजींची माघार समयोचित ठरते.

परंतु दरबाराच्या हिताचा निर्णय रयतेच्याही हिताचा होता काय? तहात सोडलेले वऱ्हाड इंग्रजांनी निजामाला दिले आणि १८५३ मध्ये पुन्हा कंपनीच्या कारभाराखाली घेतले. जळगाव जामोदचा परिसरही त्यातच होता. पटावरील मोहरे पुढच्या डावात आपापल्या घरी परततात; वऱ्हाडच्या रयतेला मात्र प्रत्येक वेळी नव्या धन्याला सारा भरावा लागला, आणि तिचे मत कोणीही विचारले नाही.