स्प्रॉकेट-गुणोत्तर (ऑफ-रोड मोटरसायकल)

मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांना पुढच्या स्प्रॉकेटच्या दात्यांनी भागले की जो आकडा येतो, तो. आकडा वाढला की मागच्या चाकाची ओढ वाढते आणि त्याच प्रमाणात वेग उतरतो. बदल सगळ्या गिअरना सारखाच लागू होतो. दोन गिअरांमधले अंतर त्याने मिटत नाही.

कारखान्यातून येणारे गुणोत्तर म्हणजे डांबर आणि माती यांच्यातली तडजोड. सुझुकीची पाच गिअरची डीआर-झेड ४०० एस घ्या. तिला पुढे १५ आणि मागे ४४ दाते, म्हणजे गुणोत्तर २.९३. हमरस्त्यावर हे छान चालते. दगडधोंड्यांच्या चढावर मात्र पहिला गिअरही लांब पडतो. गाडी बंद पडू नये म्हणून सतत हाफ क्लच धरावा लागतो, प्लेटा तापतात, डावा हात भरून येतो. पुढे १४ दात्यांचे स्प्रॉकेट बसवले की गुणोत्तर ३.१४ होते. पुढे १५च ठेवून मागे ४७ टाकले, तर ३.१३. म्हणजे पुढचा एक दाता मागच्या तिघांना भारी. पुढचे स्प्रॉकेट स्वस्त असते, बदलायला सोपे असते आणि चेन बहुधा तीच चालते. म्हणून सुरुवात तिथूनच करावी. १४ आणि ४७ ही जोडी ३.३६ देते: पूर्वी ज्या फेऱ्यांना ताशी १०० किमी मिळत, त्यांना आता सुमारे ८७.

निवड करताना कमाल वेगाचा विचार मागे ठेवावा. आपल्या वाटेवरचा सर्वांत हळू, सर्वांत अवघड टप्पा क्लच पूर्ण सोडून पार होतो का, हीच खरी कसोटी. उंचीचाही हिशेब धरावा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. पुण्या-मुंबईहून लडाखला गाडी नेणाऱ्याला घाटात बरी वाटलेली जोडी तिथे जड जाते.

दोन्ही बाजूंना किंमत आहेच. पुढचे स्प्रॉकेट फार लहान केले तर चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला घासते. मागचे मोठे केले तर चेन अपुरी पडू शकते, आणि खडकाळ वाटेवर ते दगडाला लागण्याची भीती वाढते. वेगमापकाचा सेन्सर गिअरबॉक्सपाशी असल्यास आकडा चुकतो. पुढच्या चाकावर असल्यास फरक पडत नाही.

झिजलेल्या चेनवर नवे स्प्रॉकेट चढवण्याचा मोह टाळावा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून पाहावी. दाता अर्ध्याहून अधिक उघडा पडला किंवा दाते वाघनखांसारखे एका बाजूला वाकलेले दिसले, तर पूर्ण चेनकिटच बदलावे.