२७ फेब्रुवारी १८१८ : थाळनेरची कत्तल

महिदपूरच्या पराभवानंतर मंदसोरच्या तहाने होळकरांचे खानदेशातील किल्ले इंग्रजांकडे गेले. ते ताब्यात घ्यायला निघालेला सेनापती सर टॉमस हिस्लॉप या दिवशी तापीकाठच्या थाळनेरला (आता ता. शिरपूर, जि. धुळे) पोहोचला. किल्लेदार तुळशीराम मामाने आधी तोंड दिले. मग तोफांच्या माऱ्यापुढे तो स्वतः इंग्रजांच्या हवाली झाला. आतल्या दरवाजाच्या दिंडीतून काही अधिकारी आणि शिपाई आत शिरले, तेव्हा अरब शिबंदीने त्यांच्यावर हत्यार चालवले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. चिडलेल्या फौजेने मग सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली आणि किल्लेदारालाही फासावर लटकवले.

इंग्रजांनी याला दग्याची शिक्षा म्हटले. पण शरणागतीच्या बोलण्यांत भाषेमुळे गैरसमज झाला असावा, असेही तेव्हापासून मानले जाते. शिवाय दिंडीवर चकमक झाली तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्याच ताब्यात होता.

‘त्या काळी युद्धे अशीच होत’ हे समर्थन इथे टिकत नाही. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत हिस्लॉपच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा खुद्द तिथेच या फाशीवर प्रश्न उठले आणि थाळनेरचे कृत्य त्या गौरवातून वगळावे लागले. फारुकी सुलतानांच्या कबरींसाठी थाळनेरला जाणाऱ्यांना किल्ल्यातल्या या मृतांचीही माहिती मिळायला हवी. शरण आलेल्याचा जीव घेणे तेव्हाही अन्याय होता, आजही आहे.