पर्वतीतळींचा शिकारखाना व गंगाराम तांबटाचें आलेख्य

संस्कृतांत ‘लिख्’ या एकाच धातूपासून ‘लेख’ व ‘आलेख्य’ हे दोन्ही शब्द सिद्ध होतात. म्हणजे लिहिणें व चितारणें या एकाच कुळींच्या क्रिया होत. तथापि साधनें जमवितांना आम्ही लेखास जपतों व आलेख्याची उपेक्षा करितों. त्यानें काय हरपूं शकतें, हें दाखविण्यास पुढील उदाहरण पुरे आहे.

नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं तळें बांधविलें व हिराबाग केली. तळ्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, 1784 सालीं, गणपतीची स्थापना झाली. पेशव्यांचा शिकारखानाही पर्वतीतळींच होता.

इंग्लंडांत याच सुमारास, 1788 पासून, हंफ्री रेप्टन हा उमरावांच्या उपवनांचीं चित्रें लाल बांधणीच्या वह्यांत काढूं लागला होता. चित्रावरील कागदाची झडप उचलली, कीं असलेली बाग जाऊन व्हावयाची बाग दिसे. पेशव्यांच्या उद्यानास रेप्टन लाभला नाहीं. पण गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट लाभला. पुणें दरबारांतील इंग्रज वकील चार्लस मॅलेट याच्यासाठीं तो चित्रें काढी. वेरुळच्या लेण्यांचींही त्यानें काढिलीं. नोव्हेंबर 1790 मध्यें त्यानें शिकारखान्यांतील गेंडा चितारला. तें चित्र आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयांत आहे.

गेंडा हा दक्षिणेंतील प्राणी नव्हे. अर्थात् तो दूरच्या मुलखांतून आलेला असला पाहिजे. बागेची आंखणी वा विस्तार या चित्रावरून ठरविणें गैर होईल; परंतु रेप्टनच्या झडपेखालीं धन्याच्या मनांतलें उपवन आहे, तर येथें प्रत्यक्ष पाहिलेला एक जीव, कर्त्याचें नांव व काळ यांसह, आहे.

पुढें तळें गेलें, शिकारखाना गेला. त्याच परिसरांत 1953 सालीं झालेल्या पेशवे उद्यानांतील प्राणीही कालांतरानें कात्रजला नेले गेले. कागद मात्र टिकला.

आम्ही सायखेड्यास गोदाकांठीं राहतों. 2016 व 2019 सालीं पुराचें पाणी गांवांत शिरलें, तेव्हां कागदाचें आयुष्य किती थोडें, हें उमगलें. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच, कीं बस्त्यांत चित्र आढळल्यास तें कातरून वेगळें काढूं नये. समासांतील अक्षर, नांव व मिती नकलून घ्यावी, आणि बस्ता उंच फळीवर ठेवावा.